बोटीत बसण्याआधी तिचा तळ पाहा

खान्देशात समुद्र नाही, पण पाण्याची हौस समुद्रकाठच्या माणसांपेक्षा कमी नाही. ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जळगावात मेहरूणच्या तलावाकडे आणि धुळ्यात नकाण्याकडे निघालेल्या गाड्या पाहिल्या की हे कळते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणी हतनूरला जाते, कुणी गिरणा धरणावर, कुणी चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर. मुंबईला मामाकडे गेलेली मुले गेटवेवरून एलिफंटा किंवा मांडवा करून येतात. पाणी दिसले की मुलांचा एकच हट्ट, बोटीत बसायचे. अब्बा भाव ठरवतात, अम्मी लाइफ जॅकेट आहे का ते विचारते, दादी "मी आपली काठावरच बरी" म्हणते. बोटीचा तळ कसा आहे हे मात्र कुणी पाहत नाही. तो पाण्याखाली असतो, म्हणून दिसत नाही, हे खरे. पण बोट लाटेवर डोलेल की आपटेल, वळताना झुकेल की घसरेल, चार माणसे एका बाजूला सरकली तर सावरेल की पालथी होईल, याचे बरेचसे उत्तर त्या न दिसणाऱ्या भागात असते.

मे २०२४ मधला एक आठवडा अनेकांना आठवत असेल. २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणांचा शोध घेणारी बचाव पथकाची बोट भोवऱ्यात सापडून उलटली. त्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. हे पथक आपल्या धुळ्याचे होते. पूर आला, कुणी बुडाले, की उत्तर महाराष्ट्रात धुळ्याहूनच हे पथक निघते. पाण्याची रोजची सवय असलेल्या, शिकलेल्या माणसांची बोट उलटते, तर सहलीला गेलेल्या आपल्यासारख्यांचे काय, हा प्रश्न त्या वेळी आमच्या शिक्षकांच्या खोलीत बराच चर्चिला गेला.

त्या दोन्ही दुर्घटना बोटीच्या आकारामुळे झाल्या असे आम्हाला म्हणायचे नाही. वारा आणि भोवरा यांच्यापुढे भल्याभल्या बोटी टिकत नाहीत. पण प्रत्येक आकाराची बोट कशाला भिते आणि कशाला भीत नाही, हे ठाऊक असले तर माणूस कुठे बसायचे, कधी बसायचे आणि कधी सरळ "नको" म्हणायचे, हे तरी ठरवू शकतो. त्यासाठी नौकाशास्त्राची पदवी लागत नाही. घरातली परात आणि एक गोल बुडाचा कटोरा पुरतो.

कपडे धुण्याच्या मोठ्या टबात परात तरंगत ठेवा. तिची एक कड बोटाने दाबा. परात विरोध करते, बोट उचलले की झटकन सपाट होते. आता कटोरा ठेवा आणि त्याची कड दाबा. तो लगेच कलतो. मुलांना विचारले तर ती सांगतील, परात मजबूत, कटोरा कच्चा. आता परातीची कड आणखी दाबा. एका क्षणापर्यंत ती तग धरते आणि मग पाणी कडेवरून आत येते, नि परात काही कळायच्या आत खाली जाते. कटोरा मात्र बराच कलूनही परत येतो, कारण त्याची कड पाण्यापासून उंच असते.

सपाट तळाची बोट ही परात आहे. एका बाजूला वजन गेले की त्या बाजूचा तळ पाण्यात जास्त शिरतो आणि पाणी तिथेच तिला वर ढकलते. हा ढकलणारा जोर मधल्या रेषेपासून जितका दूर, तितकी बोट सरळ राहते. म्हणून रुंदीला इतके महत्त्व. बोटीचे वजन आणि लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली तर आकाराकडून मिळणारा हा आधार दुप्पट नाही, आठपट होतो. फ्रान्सच्या पिएर बूगेर यांनी जहाजाच्या स्थिरतेचे हे गणित १७४६ च्या ग्रंथात मांडले आणि आजही नौका बांधणारे तेच वापरतात. गोल किंवा खोल चोचीसारख्या तळाच्या बोटीला सुरुवातीचा हा आधार कमी मिळतो. पाय ठेवला की ती हलते. आपल्या बायाबापड्या इथेच घाबरतात आणि शेजारची सपाट, खाटेसारखी स्थिर बोट निवडतात. शांत पाण्यात, मोजकी माणसे असतील तर ती निवड चुकीची नाही. पण "हलत नाही म्हणजे उलटणार नाही" हा समज घेऊन तिच्यात बसू नये. सपाट बोट शेवटपर्यंत काही कळू देत नाही, आणि मग एकदम सांगते.

इथे थोडे गणित करू, नववी-दहावीच्या मुलांनाही जमेल. बोट दीड मीटर रुंद आहे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ७५ सेंटीमीटर. रिकाम्या बोटीची कड पाण्यापासून ३० सेंटीमीटर वर आहे. ती कड पाण्याला टेकायला बोट साधारण २२ अंश कलावी लागते. आता माणसे भरत जा. बोट खाली बसत जाते आणि कड पाण्यापासून फक्त १० सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम टीचभराच्या निम्मी, वर राहते. आता पाणी आत यायला ८ अंशही पुरतात. एखादे मूल मगर दिसली म्हणून ओरडले आणि चौघे त्या बाजूला वाकले, की ८ अंश झाले. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या दिवशी धडगाव तालुक्यात, भुषा येथे नर्मदेत बोट उलटून माणसे दगावली. तिच्यात क्षमतेहून अधिक लोक होते, असे तेव्हाच्या बातम्यांत होते. हा सगळा भाग १९९८ पर्यंत आपल्या धुळे जिल्ह्यातच होता. तिथल्या पाड्यांना सरदार सरोवराच्या पाण्यातून जायला बोट हाच रस्ता आहे, हौस नव्हे. दवाखानाही तिथे बोटीतून येतो.

आत आलेल्या पाण्याचेही असेच. सपाट तळात दोन बोटे पाणी साचले तर ते बोट कलेल तिकडे धावते आणि कललेल्या बाजूलाच आणखी वजन टाकते. चोचीच्या तळात थोडे पाणी मधल्या खोबणीत बसून राहते. म्हणून सपाट बोटीत पायाखाली पाणी खेळत असेल तर नावाड्याने डब्याने ते उपसल्याशिवाय पाय ठेवू नये. "एवढं तर असतंच" हे उत्तर आम्ही पुष्कळ ऐकले आहे.

आता बोटीला इंजिन लावू, कारण खरी गंमत वेगाबरोबर सुरू होते. आणखी एक प्रयोग, तोही त्याच टबात. हाताचा पंजा सपाट पसरून पाण्यावर जोरात मारा. फट्ट आवाज होतो, तळवा झणझणतो. आता हात तिरका करून करंगळीच्या बाजूने मारा. हात सुर्रकन आत जातो, काही लागत नाही. पाणी तेच, हात तोच, जोर तोच. फरक एवढाच की सपाट पंजाला सगळे पाणी एका क्षणात भिडते, आणि कडेने मारलेल्या हाताला ते थोडे थोडे भिडत जाते. उंचावरून उडी मारताना गुडघे वाकवतात त्याचे कारणही हेच, तोच धक्का जास्त वेळात वाटला जातो. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे तळ फुटू नयेत म्हणून थिओडोर फॉन कार्मान यांनी १९२९ मध्ये याचे सूत्र मांडले. तळ जितका सपाट तितका दाब जास्त, आणि अगदी सपाट तळासाठी कागदावरचे उत्तर अनंताकडे जाऊ लागते.

तळाच्या दोन बाजू मधल्या कण्यापासून किती वर उचललेल्या आहेत, तो कोन बोटवाल्यांच्या भाषेत डेडराइज. अगदी सपाट बोटीत तो शून्याच्या आसपास, धरणांवरच्या फायबरच्या स्पीड बोटीत मागच्या टोकाला साधारण १२ ते १८ अंश आणि खुल्या समुद्रासाठी बांधलेल्या बोटीत २० ते २४ अंश. हा शेवटचा खोल कोन लोकप्रिय झाला तो एका शर्यतीमुळे. १९६० मध्ये अमेरिकेतल्या मायामीपासून बहामाच्या नासाऊपर्यंतच्या मोटारबोट शर्यतीच्या दिवशी समुद्र खवळलेला होता. इतर बोटी लाटांवर आपटत, मोडत मागे पडल्या आणि रेमंड हंट या आरेखकाने काढलेली 'मॉपी' नावाची लाकडी बोट, पुढपासून मागपर्यंत खोल चोचीच्या तळाची, सगळ्यांच्या आधी पोहोचली. आज तटरक्षक दलापासून पोलिसांपर्यंत जगभर वापरल्या जाणाऱ्या किती तरी वेगवान बोटींच्या तळात त्या बोटीची आठवण आहे.

मग सगळ्याच बोटी अशा का नसतात? कारण फुकट काही मिळत नाही. वेगात बोट पाण्यावर उचलली जाते ती तळाने पाणी खाली दाबल्यामुळे. सपाट तळ हे काम चोख करतो. चोचीचा तळ अर्धे पाणी बाजूला फेकतो. म्हणून त्याच वेगासाठी त्याला मोठे इंजिन आणि जास्त पेट्रोल लागते, शिवाय उभी असताना तो डुलतो. तलावावर दहा मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्या धंदेवाल्याला हे परवडत नाही, आणि छोट्या तलावात त्याची गरजही नाही. काही फायबरच्या बोटी पुढून पाहिल्या तर तळाला मधे एक नि बाजूंना दोन अशा तीन चोची दिसतात. १९५८ च्या 'बॉस्टन व्हेलर'ने ही तऱ्हा गाजवली. उभी असताना परातीसारखी स्थिर, थोड्या लाटांत बरी, मोठ्या लाटांत आपटणारी.

हतनूर किंवा गिरणेसारखे मोठे जलाशय शांत असतात असे आपण धरून चालतो. सकाळी असतातही. दुपारनंतर वारा मोकळ्या पाण्यावरून मैलभर धावत येतो आणि आखूड, उभ्या, एकामागोमाग एक लाटा उठवतो. समुद्राच्या लांब लाटेवर बोट चढते-उतरते. या आखूड लाटांवर ती एकीवरून निघून दुसरीवर आदळते. सपाट बोट तिथे पळवली तर बसणाऱ्याच्या पाठीला ते कळते. धक्का सर्वांत जास्त पुढे बसणाऱ्याला, कारण बोट मागच्या भागावर टेकून पुढून वर-खाली होते. मुलांना पुढेच बसायचे असते, आणि व्हिडिओ काढणारा तर पुढे हवाच. वेगवान बोटींत पुढे बसलेल्या प्रवाशांच्या मणक्याला मार लागल्याच्या घटना ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने नोंदवल्या आहेत. दिवस गेलेली सून, कंबरदुखीची आपा, गुडघ्याचे ऑपरेशन झालेले चाचा यांना मागे, मध्यावर बसवावे, आणि "भैया, सावकाश" हे बोट सुटण्याआधी सांगावे. सुटल्यावर इंजिनाच्या आवाजात कुणी ऐकत नाही.

वेगाची आणखी एक मेख आहे. पाण्यात बसून, पाणी दूर सारत चालणाऱ्या बोटीला तिची स्वतःची लाट अडवते. बोटीची पाण्यातली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, साडेचाराने गुणा. ताशी तेवढे किलोमीटर ही तिची सुखाची मर्यादा. ४ मीटरची नाव ताशी ९ किलोमीटर, ९ मीटरची साडेतेरा, १६ मीटरचा पडाव १८. त्याहून जास्त जोर लावला तर ती आपणच उठवलेल्या लाटेच्या खड्ड्यात मागून बसते आणि पुढून वर तोंड करते. इंग्लंडचे विल्यम फ्राउड यांनी एकोणिसाव्या शतकात छोट्या नमुना-नावा पाण्याच्या हौदात ओढून हे तपासले होते. हळू चालण्यासाठी उत्तम आकार वेगळा आणि जलद चालण्यासाठी वेगळा, हे त्यांच्या नमुन्यांनी दाखवले. ही मर्यादा ओलांडायची तर बोटीने पाण्यातून न जाता पाण्यावर घसरत जायचे, आणि त्यासाठी तिचा मागचा तळ सरळ आणि मागची कड धारदार कापलेली हवी.

गोल बुडाच्या जुन्या नावेला मोठे इंजिन लावून ती स्पीड बोट होत नाही, ती का, हे पाहायला स्वयंपाकघरात चला. नळाची धार सोडा आणि चमच्याची फुगीर पाठ धारेला हलकेच लावा. चमचा दूर ढकलला जाईल असे वाटते, पण तो धारेत ओढला जातो. पाणी फुगीर पृष्ठभागाला चिकटून वळते आणि त्याला आपल्याकडे खेचते. गोल बुडाचे हेच होते, वेग वाढवला की मागचा भाग वर येण्याऐवजी खाली ओढला जातो. मागची कड पाण्याजवळ येते, आणि वेग कमी करताच आपलीच मागून येणारी लाट आत येऊ शकते. गावठी जुगाड म्हणून कुणी मासेमारीच्या नावेला पंपाचे किंवा मोठे इंजिन जोडून लोकांना फिरवत असेल तर आम्ही तरी आमच्या मुलांना त्यात बसवणार नाही.

आपल्या धरणांवरच्या बहुतेक फायबर बोटींचा तळ मिश्र असतो, पुढे धारदार, मागे सरत सरत चपटा. पुढची धार लाट कापते, मागचा चपटा भाग उचलतो आणि उभी असताना आधार देतो. चांगला सौदा आहे. फक्त एक अट, पुढची धार पाण्यात असली पाहिजे. सहाही माणसे मागच्या बाकावर बसली की बोटीचे नाक आभाळाकडे जाते, धार हवेत राहते आणि लाटांवर आपटतो तो मागचा चपटा तळ. बोटवाल्याला समोरचे दिसतही नाही. उलट सगळे पुढे गेले तर धार पाण्यात रुतते, आणि मागून लाट आली की पुढचे टोक खिळल्यासारखे होऊन मागचा भाग फिरतो, बोट आडवी पडू पाहते. म्हणून बोटवाला "दोन जण पुढे या, तुम्ही मधे बसा" म्हणतो तेव्हा तो रुबाब करत नसतो. जो काहीच सांगत नाही, त्याच्याबद्दल शंका घ्यावी.

वळण्याकडे येऊ. सपाट बोट वळताना वाळूवरच्या सायकलीसारखी बाहेर घसरते, तिला धरायला पाण्यात काही नसते. चोचीची बोट सायकलस्वारासारखी आत झुकते आणि पाणी धरून वळते. आत झुकणे भीतीदायक वाटले तरी तेच बरोबर आहे, त्यात माणूस बाकावर दाबला जातो, बाहेर फेकला जात नाही. मात्र कुठल्याही बोटीला पूर्ण वेगात एकदम वळवले तर बाहेरची कड पाण्यात अडखळू शकते, आणि पोरांच्या किंकाळ्या ऐकायला काही चालक नेमके तेच करतात. मागे लटकवलेल्या इंजिनाच्या बोटीला वेगळे सुकाणू नसते. इंजिनच वळते नि त्याच्या ढकलण्याने बोट वळते. समोर काही आले म्हणून घाबरून जोर पूर्ण काढला तर वळण्याची ताकदही जाते. पाण्यात ब्रेक नाही.

सुकाणू हा शब्द आला म्हणून सांगतो. तो अरबी 'सुक्कान'पासून आला. खलाशी अरबीतून, बंदर फारसीतून आणि नाखवा फारसीतल्या 'नाखुदा'वरून, म्हणजे नावेचा मालक. कोकणातल्या जुन्या सुतारांच्या बोलीत नावेच्या तळकण्याला चक्क 'पठाण' म्हणतात. वर्गात हे सांगितले की पठाण आडनावाची पोरे दिवसभर ताठ चालतात.

कोकणात आणि मुंबईत आपल्या माणसांना दोन तऱ्हेच्या बोटी भेटतात. एक नेहमीची लाँच, एका तळाची. दुसरी मांडव्याला जाणारी कॅटामरान, दोन बारीक तळ आणि वर एक मजला. प्रत्येक तळ अरुंद, म्हणून पाणी सहज कापतो आणि लाटही कमी उठवतो. दोन्हींमध्ये अंतर, म्हणून रुंदीचा तो आधार भरपूर. ती डुलत नाही, म्हणून उलटीचा त्रास अनेकांना कमी होतो. पण आडव्या लाटेत तिचा एक तळ चढतो नि दुसरा उतरतो, तेव्हा हिसका बसतो तो लाँचच्या संथ डुलण्यापेक्षा तीक्ष्ण असतो. लाट मोठी असेल तर दोन तळांमधल्या छतावर ती खालून धडकते, आणि पायाखाली ढोलासारखा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणारा कलमा म्हणतो. बोट फुटलेली नसते.

आता पुन्हा धुळ्याच्या पथकाकडे. पुराच्या बातमीत दिसणारी त्यांची नारिंगी रबरी बोट पाहिली तर ती सगळ्या हिशेबांत विचित्र वाटते. तळ जवळजवळ सपाट, फक्त मधे हवा भरलेला कणा, आणि दोन्ही बाजूंना जाड फुगे. वेगात ती फार सुखाची नाही. पण तिच्याकडून वेगळे काम हवे असते. बुडणाऱ्याला ओढून घेताना तीन जवान एकाच कडेवर वाकतात. साध्या होडीत ते केले तर होडीच उलटेल. इथे कड पाण्यात गेली तरी तो फुगा स्वतःच तरंगतो आणि जितका दाबाल तितका वर ढकलतो. गुडघाभर पाण्यातही ती चालते, चार माणसे खांद्यावर उचलून गल्लीत नेतात. घराच्या भिंतीला घासली तर भिंतही शाबूत, बोटही.

या बोटीला खाली कडक चोचीचा तळ लावण्याची युक्ती एका शाळेतून निघाली, हे आम्हा शिक्षकांना विशेष आवडते. वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात १९६० च्या दशकात विद्यार्थीच समुद्रावर बचावाचे काम करत. रबरी बोटींचा कापडी तळ गोट्यांच्या किनाऱ्यावर घासून फाटायचा. मुख्याध्यापक डेस्मंड होअर, नौदलातून निवृत्त झालेले, आणि त्यांची मुले यांनी आधी प्लायवूडचा तळ चिकटवून पाहिला, मग त्याला चोच दिली. पुढे होअर यांनी त्याचे हक्क ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेला नावापुरत्या १ पौंडाला दिले. आज गेटवेसमोर पोलिसांच्या आणि नौदलाच्या फुगेवाल्या वेगवान बोटी दिसतात त्या याच जातीच्या.

पण बंधाऱ्याखालचे पाणी हे सगळे आकार एका रांगेत बसवते. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तळाशी जाऊन उसळते आणि वरच्या थरातून उलट बंधाऱ्याकडेच परत येते. वरून पाहणाऱ्याला ते फारसे खवळलेले दिसतही नाही. त्यात अडकलेली वस्तू पुन्हा पुन्हा पडत्या धारेखाली ओढली जाते. शिवाय ते पाणी फेसाळलेले, हवेने भरलेले असते. हवा मिसळलेले पाणी हलके, म्हणून ते बोटीला कमी उचलते आणि इंजिनाच्या पंख्याला त्यात पकड मिळत नाही. फुगे, चोच, रुंदी, सगळ्यांची ताकद तिथे एकदम घटते. पांझरा, गिरणा, तापी, तिन्हींवर जागोजाग बंधारे आहेत, आणि पावसाळ्यात पाणी वरून जाऊ लागले की बघ्यांची गर्दी नेमकी तिथेच होते. मुलांना खोल डोहाची भीती आपण घालतो, बंधाऱ्याखालच्या गुडघाभर दिसणाऱ्या फेसाची घालत नाही.

पुढच्या वेळी धरणावर गेलात तर तिकीट काढण्याआधी काठावर ओढून ठेवलेली एखादी बोट वाकून पाहा. बहुतेक ठिकाणी एक तरी असते. पुढची धार किती मागेपर्यंत जाते, मागचा तळ किती चपटा आहे, कडेला ओरखडे नि ठिगळे किती, हे दिसते. पाण्यातल्या बोटीची कड माणसे बसल्यावर पाण्यापासून किती वर राहते, हे आधीची फेरी सुटताना पाहून घ्या. वीतभरही राहत नसेल तर पुढच्या फेरीत दोन माणसे कमी करायला सांगा, दुप्पट पैसे पडले तरी. झाडांची पाने सळसळू लागली असतील आणि पाण्यावर पांढरे तुरे दिसत असतील तर त्या दिवशी काठावरच डबा उघडा. लाइफ जॅकेट लहान मुलाला घातल्यावर खांद्याजवळ धरून वर उचलून बघा. मूल जॅकेटातून खाली सरकले तर ते जॅकेट त्याच्या मापाचे नाही, दुसरे मागा. आणि बसताना सगळे एकत्र न चढता एकेकाने, मधोमध पाय ठेवून, वाकून, आधी मोठ्याने आणि मग मुलांनी बसावे.